समासातली रेघ

अक्कलकुवा, १८ फेब्रुवारी १९४१

रेवजीभाऊ,

तुमचा जामसिंग ज्या छात्रालयात राहतो तिथे मी गेल्या जूनपासून काम करते. माझं नाव प्रमिला. मी वर्गावर शिकवत नाही. जी मुलं रमत नाहीत, पळून जातात, रात्री रडतात, त्यांच्याशी बोलायचं, त्यांच्या घरी जाऊन यायचं, हे माझं काम. त्याचं शिक्षण मी मुंबईला घेतलं. मुलं मला डोक्याची बाई म्हणतात. आमचे मुख्य पितांबर गुरुजी मी आले त्या दिवशी म्हणाले, "बाई, आमच्या पोरांच्या डोक्याला काही झालेलं नाही. त्रास आहे तो पोटाचा. तुम्ही चुकीच्या जागी आलात."

धुळ्याच्या जेलरसाहेबांनी पत्राला परवानगी दिली आहे. शिंदखेड्याकडचे उखा नावाचे कैदी तुम्हाला पत्र वाचून दाखवतील आणि तुमचं सांगणं लिहून देतील, तुमची भिली त्यांना समजते, असं त्यांनी कळवलं. चांगल्या वागणुकीची माफी धरून तुम्ही होळीनंतर आठवड्याभरात सुटाल, हेही कळवलं. मी ते लगेच जामसिंगला सांगितलं. तो पाढे म्हणत राहिला.

जामसिंग ठीक आहे. पाढे त्याला सगळ्यांच्या आधी पाठ होतात. फक्त गेल्या पौर्णिमेपासून त्याचं वागणं बदललं. खाटेवर झोपत नाही, जमिनीवर झोपतो. आंघोळ करत नाही. मी डोक्यावर हात ठेवायला गेले तर मागे सरला. आमच्या स्वयंपाकीण तुळशीबाई यांच्या हातून जेवण घेत नाही. त्या ताट ठेवून आत गेल्या की मग उचलतो. त्या माझ्याशी येऊन भांडल्या, "हाऊ पोऱ्या मन्हा हातनं खात नही. मी काय डाकीन शे का?" त्याच्या पेटीमागे वाळलेल्या लहान भोपळ्यांची माळ सापडली. खेळणं असेल म्हणून मी ती तिथेच राहू दिली.

तुमच्या घराण्यात आधी कुणी असं वागलं होतं का? लहानपणी त्याला मोठं दुखणं आलं होतं का? उखाभाऊंना सांगा, ते लिहून पाठवतील.

उखाभाऊ, समासात जिथे उभी रेघ ओढली आहे तो मजकूर तुमच्यासाठी आहे. रेवजीभाऊंना तो वाचून दाखवू नका. जेलमध्ये बसून माणसाला काही करता येत नाही, नुसता जीव जळतो.

| मुलगा वाळत चालला आहे. गुरुजींच्या मते तो वेडाच्या वाटेवर आहे. महिनाअखेर इन्स्पेक्टर येतील, त्याआधी त्याचं नाव काढावं किंवा त्याला वेड्यांच्या इस्पितळात धाडावं असं ते म्हणतात. तिथे गेलेलं मूल परत आलेलं मी पाहिलेलं नाही. म्हणून मी कागदावर लिहून दिलं की हा मनाचा आजार आहे, वडील तुरुंगात गेल्याचं दुःख आहे, आणि उपचार इथेच होऊ शकतो. त्यामुळे नाव तूर्त राहिलं आहे.

प्रमिला


अक्कलकुवा, २७ फेब्रुवारी १९४१

रेवजीभाऊ,

तुमचं उत्तर अजून आलं नाही. वाट न पाहता मी मोलगीच्या वर तुमच्या पाड्यावर जाऊन आले. सोनीबाई भेटल्या. शेळ्या बऱ्या आहेत. छपराचं गवत बदललं आहे. तुमच्या गावचे कारभारी उदेसिंग आमच्या मध्ये बसून एकीचं बोलणं दुसरीला समजावून सांगत होते.

मी विचारलं, तुमच्यात कुणाला वेड लागलं होतं का? उदेसिंगभाऊंनी विचारलं, पोर करतो तरी काय? मी सगळं सांगितलं. ऐकता ऐकता ते हसू लागले. सोनीबाई हसल्या नाहीत.

"बाई," उदेसिंगभाऊ म्हणाले, "तुमच्यातला माणूस आंघोळ केली नाही तर वेडा. आमच्यातला या महिन्यात केली तर वेडा."

मग मला कळलं. जामसिंग अंगावर पिता असताना त्याला देवी आल्या. तुम्ही पाच होळ्यांचा नवस बोललात. होळीचा दांडा रोवल्यापासून खाट नाही, अंगाला पाणी नाही, बाईमाणसाचा हात नाही. होळीच्या रात्री अंगाला राख, कमरेला भोपळे, आणि काठी गावच्या होळीपाशी पहाटेपर्यंत नाच. चार होळ्या झाल्या. पाचवी यंदाची. बाप नसला तर मुलगा उभा राहू शकतो, असं उदेसिंगभाऊ म्हणाले. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मागच्या दिवाळीला घरून जाताना त्याने आढ्यावरची माळ मागून घेतली, आणि सोनीबाईंनी ती काढून दिली, एवढंच.

मी विचारलं, मध्येच मोडलं तर? उदेसिंगभाऊ दुसरीकडे पाहू लागले. सोनीबाई उठून चुलीपाशी गेल्या.

तर तुम्हाला कळवते, तुमच्या मुलाला कुठलाही आजार नाही. मी चुकले होते. तो तुमच्या जागी उभा आहे. गुरुजींशी मी बोलले. त्याला पडवीत वेगळा कोपरा दिला आहे. आंघोळीची सक्ती नाही. जेवण त्याच्या वर्गातला एक मुलगा नेऊन देतो. होळीला मी स्वतः त्याला काठीला घेऊन जाईन. तो पाळतो आहे. निश्चिंत असा.

| उखाभाऊ, हे वाचू नका. वर पडवीबद्दल लिहिलं ते खरं आहे. पाळतो आहे ते खरं नाही. मी डोंगरावर होते तेव्हा इन्स्पेक्टर यायचे म्हणून मुलांची सफाई झाली. जामसिंगला चौघांनी धरलं. डोकं भादरलं, गरम पाण्याने घासून आंघोळ घातली, खाटेवर निजवलं आणि उठू नये म्हणून तुळशीबाईंना उशाशी बसवलं. त्यांनी त्याच्या कपाळावरून हात फिरवला. एकाच दुपारी एकही गोष्ट मोडायची राहिली नाही. मी गुरुजींवर ओरडले. ते शांतपणे म्हणाले, "बाई, तुम्हीच लिहून दिलंत, आजार आहे म्हणून. आजारी पोराला आम्ही घाणीत लोळू देऊ का?" त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. भोपळ्यांची माळ तुटली. एक भोपळा तुळशीबाईंनी कापून मीठ काढायला घेतला आहे. जामसिंग त्या दिवसापासून जेवलेला नाही. रेवजीभाऊंना सुटायला थोडेच दिवस राहिले आहेत. तोवर त्यांना हे कळू नये.

प्रमिला


अक्कलकुवा, ७ मार्च १९४१

रेवजीभाऊ,

उखाभाऊंचं पत्र काल आलं. त्यांनी लिहिलं आहे:

"बाई, आठे पत्र साहेबना समोर पुरं वाचनं पडस. रेघ कसानी शे, साहेबनी इचारं. मी सांगं, हाई वाचू नका आशे शे. साहेब हासना. बोलना, तेच मोठ्याने वाच. मी वाचं. दोन्ही बी पत्र. रेवजी भीतकडे तोंड करी बसना."

म्हणजे तुम्ही सगळं ऐकलंत. मी काय लपवलं तेही ऐकलंत, आणि लपवायला सांगितलं तेही. यावर मला काही म्हणायचं नाही. आता समासात रेघ नसेल.

खाली तुमचा निरोप होता: "पोराला सांगा, त्याचं मोडलं तर मोडू दे. नवस माझा आहे. मी इथं पाळतो." त्याखाली तुमचा अंगठा. आणि अगदी शेवटी उखाभाऊंनी स्वतःचं एक वाक्य घातलं होतं: "जमीनवर तं आठे आम्ही समदा झोपतस, बाया आठे शेतसच नही. भांडन काय ते आंघोळनंच शे."

मी कागद घेऊन पडवीत गेले. जामसिंग भिंतीला टेकून बसला होता. निरोप वाचला. तुमचा अंगठा दाखवला. त्याने कागद हातात घेतला, उजेडाकडे धरला, बराच वेळ पाहिला.

"बाबाचाच आहे," तो म्हणाला. "कापल्याची खूण आहे."

मी म्हटलं, "मग? बघ, बाबा बरा आहे. आता थोडी पेज घे."

त्याने कागद परत दिला. "मेलेल्याचापण अंगठा लागतो, बाई."

मला कळलं नाही. मग त्याने सांगितलं. नवस मोडला त्या दुपारीच देवीने बाबाला नेलं, असं त्याने धरलं आहे. आजोबा गेले तेव्हा खाली तळोद्याहून शेटजी आला. प्रेत अंगणात होतं. शेटजीच्या माणसाने मुठीतून अंगठा सोडवला, शाई लावली आणि कर्जाच्या कागदावर टेकवला. तुम्ही तेव्हा मजुरीला गुजरातेत होतात. जामसिंग शेजारी उभा होता. शाई पुसायला त्यांनी त्यालाच चिंधी दिली.

हे तो पाढे म्हणावेत तसं सांगत होता. मी म्हटलं, जेलरसाहेबांना लिहायला सांगते. तो म्हणाला, साहेबांचीच तर शाई असते. मी म्हटलं, मग तुला कशाने पटेल? तो म्हणाला, "बाबा आला तर."

रेवजीभाऊ, आता नीट ऐका. उखाभाऊ, सावकाश वाचा. नवस पाळू नका. आंघोळ करा. दाढी करू द्या, सांगतील ते काम करा, सांगतील तिथे बसा. माफीतला एकही दिवस जाऊ देऊ नका. ज्या गोष्टीसाठी मी इथे गुरुजींशी भांडले तीच तुम्ही मोडा, असं सांगते आहे. मला ते कळतं. पण मुलाला नवस नको आहे, तुम्ही हवे आहात. तो फक्त पाणी घेतो. तुम्ही ठरल्या दिवशी आलात तर तो जेवेल. उशीर झाला तर काय होईल ते मला इथे लिहवत नाही, आणि लिहिलं तर मोठ्याने वाचलं जाईल.

प्रमिला


मोलगी, १५ मार्च १९४१

रेवजीभाऊ,

हे पत्र मी तुमच्या पाड्याखालून लिहिते आहे. होळीच्या आधी सोनीबाई खाली आल्या आणि म्हणाल्या, पोर घरी नेते. गुरुजींनी अडवलं नाही. मोलगीपर्यंत गाडी करून दिली. स्वतःची घोंगडी जामसिंगच्या अंगावर टाकली आणि गाडी वळेपर्यंत रस्त्यात उभे राहिले. तुळशीबाईंनी तो कापलेला भोपळा घासून, पुसून माझ्या हातात दिला. मोलगीपासून पुढे त्याला झोळीत घालून वर नेलं. झोळीला दोन माणसं लागतील असं वाटलं होतं. उदेसिंगभाऊंनी एकट्याने पाठीवर घेतला.

होळीच्या रात्री पाडा रिकामा झाला. सगळे काठीला गेले. ढोल डोंगरावरून ऐकू येत होते. जामसिंग अंगणात आडवा होता. मध्येच म्हणाला, "आता राख लावत असतील." मग, "आता मोरपिसांचे टोप घातले असतील." पहाटे ढोल थांबले तेव्हा तो कुशीवर वळला.

काल मोलगीच्या टपालात उखाभाऊंचं पत्र मिळालं. तुम्ही होळीपर्यंत पाण्याला हात लावला नाहीत. माझं पत्र पोचलं तेव्हा दोन वेळा शिक्षा होऊन गेली होती, आणि तरीही तुम्ही ऐकलं नाहीत. माफी सगळी गेली. आता सुटका मेअखेर.

मला राग आला होता. आता नाही. तुम्हाला एवढंच करता येण्यासारखं होतं, ते तुम्ही केलंत.

मी जामसिंगपासून लपवलं नाही. लपवून काय होतं ते मी पाहिलं आहे. म्हटलं, बाबाला उशीर होईल. तो म्हणाला, "बघा." तेवढंच. जणू इतके दिवस मीच वाद घालत होते आणि आता हरले.

आज सकाळी सोनीबाईंनी मला बोलावलं. उदेसिंगभाऊ मध्ये बसले. सोनीबाई म्हणाल्या, "तो उपाशी नाही. तो बापाचं सुतक धरून बसला आहे. सुतक फिटल्याशिवाय तो कसा जेवेल? आणि कुणी दिवस केल्याशिवाय ते फिटेल कसं?"

मी विचारलं, म्हणजे काय करायचं?

उदेसिंगभाऊ म्हणाले, "ज्याचं प्रेत मिळत नाही त्याचा आम्ही गवताचा माणूस करतो. नर्मदेत वाहून गेलेल्याचा करतो. वाघाने नेलेल्याचा करतो."

"पण रेवजीभाऊ जिवंत आहेत."

"ते आपल्याला माहीत आहे," ते म्हणाले. "पोराला माहीत नाही. जेवायचं आहे पोराला. तुम्ही डोक्याच्या बाई. सांगा, करू की नको?"

मुंबईला आम्हाला शिकवलं होतं की मुलाच्या भ्रमाला कधी दुजोरा देऊ नये. ज्यांनी शिकवलं त्यांनी जामसिंगचे दंड पाहिलेले नाहीत. मी एक दिवस मागून घेतला आहे. तुम्हाला विचारल्याशिवाय हो म्हणणं बरं नव्हे. पत्र धुळ्याला पोचून उत्तर यायला आठवडा लागेल, आणि मुलाजवळ आठवडा नाही. तरी विचारते.

प्रमिला


अक्कलकुवा, २ एप्रिल १९४१

रेवजीभाऊ,

जामसिंग जेवतो.

आधी हे लिहायचं होतं. आता बाकीचं.

तुमच्या उत्तराची वाट पाहता आली नाही. दुसऱ्या दिवशी त्याला पाणीही गिळवेना. मी हो म्हटलं. कुणी माझ्यावर जबरदस्ती केली नाही. तुम्हाला कुणाला दोष द्यायचा झाला तर तो मला द्या. सोनीबाईंना देऊ नका.

गवताचा माणूस उदेसिंगभाऊंनी बांधला. त्याला तुमचं धोतर नेसवलं, तुमचं जुनं पागोटं बांधलं. जामसिंगला धरून बसवलं होतं. त्याने सगळं नीट पाहिलं. एकदा म्हणाला, "बाबा एवढा उंच नव्हता," तेव्हा पायाकडचं गवत कापून कमी केलं. सोनीबाईंनी भोपळ्यांची माळ पुन्हा ओवली. कापलेला भोपळाही तीत घातला आणि माळ गवताच्या माणसाच्या कमरेला बांधली. कपाळाला राख लावली. कुणीतरी ढोल आणला. उदेसिंगभाऊंनी तो माणूस दोन्ही हातांवर उचलला आणि अंगणात फेर धरला. बाकीच्यांनी धरला. तुमची पाचवी होळी झाली, रेवजीभाऊ. उशिरा झाली, दुसऱ्याच्या हातांवर झाली, पण झाली. मग नदीकाठी नेऊन त्याला अग्नी दिला. तो जामसिंगनेच दिला. त्याचा हात मी धरला होता. या वेळी तो मागे सरला नाही.

सोनीबाईंनी बांगड्या फोडल्या. मी म्हटलं होतं, तेवढं करू नका. त्या म्हणाल्या, "पोर बघत आहे."

दिवस त्याच संध्याकाळी केले आणि घरोघरून एकेक घास आला. पहिला सोनीबाईंनी त्याच्या ओठांना लावला. त्याने तो तोंडात धरून ठेवला. मग गिळला. मग दुसरा मागितला. आता तो भाकरी खातो. परवा शेळ्यांमागे टेकडीपर्यंत गेला होता. छात्रालयात यायचं का विचारलं तर म्हणाला, पावसाळा झाला की बघू. बाप नसलेल्या घरात आता काम असतं, असंही म्हणाला.

निघताना सोनीबाई हसून उदेसिंगभाऊंना म्हणाल्या, "तो आला तर मला बांगड्या कोण भरणार?" ते म्हणाले, "तोच भरेल. त्याच माणसाशी तुझं दुसरं लग्न लावू. देजाचे पैसे मात्र त्याला तुझ्या माहेरी पुन्हा द्यावे लागतील." सगळे हसले. मग सोनीबाई घरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

हे सगळं साहेबांसमोर मोठ्याने वाचलं जात आहे, मला माहीत आहे. साहेब, तुम्ही हसणार असाल तर थोडं थांबून हसा. उखाभाऊ, त्यांना बसायला सांगा.

मेअखेर तुम्ही सुटाल. सरळ डोंगर चढू नका. तुमच्या पाड्यावर असं मानतात की दिवस झालेला माणूस चालत परत आला तर तो कुणाला तरी न्यायला आलेला असतो. कुणाला, ते जामसिंगला विचारावं लागणार नाही. तुम्ही आधी अक्कलकुव्याला या. छात्रालयात गुरुजींनी तुमच्यासाठी एक खोली ठेवायचं कबूल केलं आहे. तिथे राहा. मी वर जाऊन मुलाशी बोलेन. एका भेटीत होणार नाही. काय बोलेन ते आज मला माहीत नाही. ज्याला मी बाप जिवंत आहे म्हणून पटवू शकले नाही त्याला आता, त्याच्याच हाताने अग्नी दिल्यावर, तेच पटवायचं आहे. कदाचित पावसाळा जाईल. कदाचित जास्त. तोवर तुम्हाला घर दिसेल इतकं जवळ राहून लांब राहावं लागेल. तुम्ही वर्षभर भिंतीआड काढलंत, त्यानंतर हे मागणं सोपं नाही. तरी मागते.

तुमचं उत्तर परवा आलं. "करा." एवढंच. आणि त्याखाली अंगठा, कापल्याच्या खुणेसकट. मी ते वाचलं आणि चुलीत घातलं.

यापुढे काही कळवायचं झालं तर उखाभाऊंकडून नुसतं लिहून पाठवा. कागदावर अंगठा लावू नका.

प्रमिला